सुरक्षा-कॅमेऱ्याची चित्रफीत आणि गतिमापन : काही अडचणी व त्यांची उकल

भाषाविज्ञानाच्या विभागाने सुरक्षा-कॅमेऱ्याच्या फायलींची चर्चा का करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, बोलणाऱ्याचे हात आता भाषेच्या अभ्यासाबाहेर राहिलेले नाहीत. ॲडम केंडन यांनी १९८० च्या सुमारास हस्तविक्षेपाचे टप्पे पाडून दाखविले. हात उचलण्याची सिद्धता, मुख्य क्षेप, क्वचित त्यानंतरची स्थिरता आणि मग हाताचे मूळ जागी परतणे, असे ते टप्पे होत. पुढे डेव्हिड मॅक्नील यांनी ‘हँड अँड माइंड’ ह्या १९९२ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, मुख्य क्षेप हा संबंधित शब्दातील आघातयुक्त अक्षराच्या आधी किंवा त्याच्यासमवेत येतो, त्याच्या मागून येत नाही. मराठीत ‘तिथे’, ‘तो’, ‘ह्या अंगाला’ यांसारख्या दर्शक शब्दांबरोबर बोट पुढे होते, तेव्हा हा नियम कितपत पाळला जातो, हा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याला आकर्षक वाटावा असाच आहे. मात्र त्याचे उत्तर सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागात दडलेले असते, आणि येथूनच प्रस्तुत लेखाच्या विषयास प्रारंभ होतो.

संशोधकाने आपला कॅमेरा मांडला की माणसे अवघडतात. उलट दुकानाच्या गल्ल्यावर किंवा चौकशीच्या खिडकीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या कॅमेऱ्याचे भान कोणालाही राहिलेले नसते. त्यामुळे स्वाभाविक संभाषणाची सामग्री म्हणून सीसीटीव्हीच्या फायली पेनड्राइव्हमधून विभागात येऊ लागल्या, यात नवल नाही. (सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा म्हणजे संशोधनासाठी मिळालेली संमती नव्हे. ती ज्यांची चित्रे घेतली गेली त्यांच्याकडून निराळी मिळवावी लागते, आणि ती न मिळाल्यास पुढील सर्व विवेचन निरुपयोगी होय.) ह्या फायली ईलान, किनोव्हिया, ट्रॅकर यांसारख्या सॉफ्टवेअरांत घालू जाता ज्या अडचणी येतात, त्या दोन जातींच्या असतात. काही फायली उघडतच नाहीत. काही निमूटपणे उघडतात, सुरळीत चालतात, आणि चुकीची मापे देतात. पहिल्या जातीच्या अडचणीने विद्यार्थी त्रस्त होतो व मदत मागावयास येतो. दुसऱ्या जातीच्या अडचणीने त्रस्त होण्याचे कारणच त्याला नसते, आणि म्हणून प्रबंध लिहून पूर्ण होईपर्यंत ती तशीच राहू शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी भीती ह्या दुसऱ्या जातीची आहे. तथापि पहिलीचा विचार आधी करणे सोयीचे, कारण दुसरी पुष्कळदा पहिलीच्या उपायांतूनच जन्माला येते.

फाईल उघडत नाही याचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी मोडी कागदपत्रांचे उदाहरण उपयोगी पडेल. मराठी ही ज्याची मातृभाषा आहे अशा वाचकापुढे मोडीतील एखादे पत्र ठेविले, तर त्याला त्यातील एक अक्षरही लागत नाही. भाषा त्याचीच असते, अडते ते लिपीपाशी. चित्रफितीच्या फाईलमध्येही असेच दोन थर असतात. चित्रे ज्या पद्धतीने संक्षिप्त करून लिहिलेली असतात ते झाले संकेतन, आणि ते संकेतित चित्र, ध्वनी व वेळेच्या नोंदी ज्या बांधणीत एकत्र ठेविलेल्या असतात ते झाले वेष्टन. आजच्या बहुतेक सुरक्षा-कॅमेऱ्यांचे संकेतन सर्वमान्य असते. २००३ साली प्रमाणित झालेले एच-२६४ किंवा २०१३ चे एच-२६५, ह्या दोहोंपैकीच ते बहुधा असते. वेष्टन मात्र निर्मात्यागणिक वेगळे निघते. डीएव्ही हे शेपूट लावलेल्या फायली त्यांच्या निर्मात्याच्या प्लेअरमध्ये व्यवस्थित चालतात आणि अन्यत्र अडतात, याचे कारण हेच. कित्येकदा फाईलच्या नावापुढे एमपी-४ असे लिहिलेले असते, पण आत एमपेग-प्रोग्राम-स्ट्रीम ह्या जुन्या जातीची बांधणी असते. मुखपृष्ठावर एका ग्रंथाचे नाव आणि आत दुसराच ग्रंथ बांधलेला असावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून नावाच्या शेपटावर भरवसा न ठेवता मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोब यांसारख्या साधनाने फाईलच्या अंतरंगाची चौकशी करणे, ही पहिली पायरी होय. ती दोन मिनिटांची आहे, आणि तिच्यावाचून केलेले सर्व उपाय अंधारात चाचपडण्यासारखे आहेत.

चौकशीनंतर जो उपाय करावयाचा त्याचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद आपल्या शास्त्राच्या परिभाषेत चटकन सांगता येतो. एक आहे लिप्यंतर व दुसरे भाषांतर. २००० साली सुरू झालेल्या एफएफएमपेग ह्या मुक्त साधनाला अशी आज्ञा देता येते की, संकेतित चित्रप्रवाहास हात न लावता तो जसाच्या तसा नव्या वेष्टनात ठेव. हे लिप्यंतर. त्यात चित्राचा एक बिंदूही बदलत नाही आणि तासाभराची फाईल थोड्याच वेळात तयार होते. याउलट चित्रे उलगडून पुन्हा नव्याने संकेतित करणे हे भाषांतर. ते करताना काहीतरी गळते व काहीतरी नवे येऊन मिसळते. इंटरनेटवरील ‘कन्व्हर्टर’ म्हणून मिरविणारी बहुसंख्य साधने न विचारता भाषांतरच करितात. सीसीटीव्हीची चित्रे मुळातच अत्यंत काटकसरीने संकेतित केलेली असतात. त्यांचे पुन्हा भाषांतर म्हणजे सारांशाचा सारांश होय. तेव्हा जेथे लिप्यंतराने भागते तेथे भाषांतराच्या वाटेस जाऊ नये.

लिप्यंतर करतानाही काही ठरलेले अडथळे येतात. त्यांतील एक सांगण्याजोगा आहे, कारण त्याने अनेकांची दिशाभूल होते. आज्ञा दिल्यावर साधन तक्रार करून थांबते, आणि विद्यार्थी समजतो की चित्र बिघडले आहे. वस्तुतः चित्र निर्दोष असते, अडलेला असतो ध्वनी. सुरक्षा-कॅमेरे पुष्कळदा ध्वनी जी-७११ ह्या टेलिफोनसाठी १९७२ साली ठरविलेल्या संकेतनात नोंदवितात, आणि एमपी-४ च्या वेष्टनात त्याला स्थान मिळत नाही. ध्वनी वेगळा काढून त्याची वेव्ह फाईल करावी आणि चित्राचे स्वतंत्र लिप्यंतर करावे, म्हणजे तक्रार मिटते. दुसरा अडथळा विजेचा. एमपी-४ च्या बांधणीत कोणती फ्रेम फाईलमध्ये कोठे आहे याची सूची नोंदणी संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली की सूचीच राहून जाते, आणि आत सर्व चित्रे असूनही फाईल मृतवत् होते. त्याच कॅमेऱ्याची, त्याच मांडणीत घेतलेली एखादी धडधाकट फाईल हाताशी असेल, तर तिच्या आधाराने ही सूची पुन्हा रचणारी साधने उपलब्ध आहेत. अनट्रंक हे त्यांपैकी एक. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरांच्या स्वभावाची. नेदरलँड्समधील नाइमेखन येथील माक्स प्लांक संस्थेत घडविलेले ईलान चित्र उलगडण्याचे काम बहुतांशी संगणकाच्या कार्यप्रणालीवर सोपविते, तर किनोव्हिया ते आपल्याबरोबर आणलेल्या साधनांनी स्वतःच करते. त्यामुळे एच-२६५ ची एखादी फाईल एका संगणकावरील ईलानमध्ये उघडते व शेजारच्या संगणकावर केवळ काळा पडदा दाखविते. यात ईलानचा दोष नसतो व फाईलचाही नसतो. त्या दुसऱ्या संगणकाला एच-२६५ हे संकेतन वाचता येत नसते, इतकेच.

फाईल उघडली, आता पुढे. अभ्यासक हव्या त्या क्षणावर उडी मारतो आणि पडद्यावर राखाडी, विरघळल्यासारखे चित्र दिसते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चित्र स्वच्छ दिसते पण ते मागितलेल्या क्षणाचे नसते. याचे मूळ संकेतनाच्या काटकसरीत आहे. प्रत्येक फ्रेम पूर्णपणे लिहिली जात नाही. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम लिहितात, आणि नंतरच्या फ्रेममध्ये केवळ आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच नोंदवितात. परिच्छेदात एकदा ‘बाळाजी विश्वनाथ’ असे पूर्ण नाव घेऊन पुढे पानभर ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ असे सर्वनामांवर चालावे, तशातला हा प्रकार आहे. असा परिच्छेद मधूनच वाचावयास घेतला, तर ‘ते’ म्हणजे कोण याचा पत्ता लागत नाही, तो लागण्यासाठी मागे जाऊन पूर्ण नाव गाठावे लागते. सॉफ्टवेअरही तेच करते, किंवा करण्याचा कंटाळा करून जवळच्या पूर्ण फ्रेमवरच आपणास नेऊन ठेविते. सुरक्षा-कॅमेऱ्यांत ही अडचण अधिक जाणवते. रिकाम्या खोलीचे चित्र तासन्‌तास बदलत नाही, म्हणून जागा वाचविण्यासाठी त्यांच्या ‘स्मार्ट’ म्हणविणाऱ्या संकेतनांत पूर्ण फ्रेम फार दुर्मिळ केलेल्या असतात. येथे मात्र भाषांतर क्षम्य आहे. अभ्यासाला लागणारा तेवढाच तुकडा घेऊन, ज्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण आहे अशी प्रत उच्च गुणवत्तेने तयार करावी. तिचा आकार अनेक पटींनी फुगतो, तो फुगू द्यावा.

आता मुख्य विषयाकडे वळू. चलच्चित्र म्हणजे वास्तविक अचल चित्रांची माळ. गतीचे माप काढावयाचे तर दोन गोष्टी हव्यात. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत हात किती सरकला, ही झाली पहिली. तेवढ्यात वेळ किती गेला, ही दुसरी. पहिली गोष्ट चित्रात दिसते, दुसरी चित्रात दिसत नाही. ती कोणीतरी सांगावी लागते. हा प्रश्न चित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची जी प्रसिद्ध चित्रे घेतली, ती बारा कॅमेऱ्यांची रांग मांडून व वाटेत आडव्या दोऱ्या ताणून. घोडा येई तशी दोरी तुटे व कॅमेरा चाले. म्हणजे दोन चित्रांमधील अंतर जागेचे ठरलेले होते, वेळेचे घोड्यावर अवलंबून होते. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ मध्ये सेकंदाला बारा चित्रे घेणारी बंदुकीच्या आकाराची जी यंत्रणा सिद्ध केली, तिचे सारे महत्त्व समान कालांतरात होते. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली, तेव्हा त्यांनी दोन चित्रांमधील काळ मुद्दाम ताणला होता आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक होते. सुरक्षा-कॅमेरा मायब्रिजच्या घोड्याप्रमाणे वागतो व मारेच्या यंत्राचे सोंग आणतो. आपल्या अडचणीचे मर्म हेच आहे.

हे सोंग कसे वठते ते पाहू. संध्याकाळ झाली, प्रकाश मंदावला की अनेक कॅमेरे अधिक काळ उघडे राहून प्रकाश गोळा करितात, आणि त्यामुळे सेकंदाला पंचवीसऐवजी वीस, पंधरा, बारा इतक्याच फ्रेम निघतात. जाळ्यावर ताण आला की काही फ्रेम वाटेतच गळतात. हालचाल झाली तरच नोंद करावयाची अशी मांडणी असली, तर मधले मिनिटेच्या मिनिटे काळ फाईलमधून नाहीसे होतात आणि दोन तुकडे एकमेकांस चिकटतात. ह्या सर्वांची नोंद वेष्टनात प्रामाणिकपणे ठेवता येते. एमपेगच्या बांधणीत प्रत्येक चित्राची वेळ सेकंदाच्या ९०,००० व्या भागापर्यंत लिहिण्याची सोय आहे. पण सगळीच वेष्टने अशी नसतात. १९९२ पासून चालत आलेल्या एव्हीआय ह्या वेष्टनात प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिण्यास जागाच नाही. सेकंदाला इतक्या फ्रेम, एवढा एकच आकडा तेथे असतो. आणि निर्मात्याच्या प्लेअरमधून ‘एव्हीआय म्हणून जतन करा’ हे बटण दाबण्याचा मोह तर सर्वांनाच होतो. वेष्टन पार काढून टाकून केवळ एच-२६४ चा नग्न प्रवाह घेतला, तर त्यात वेळेची नोंद बहुधा नसतेच. असा प्रवाह एफएफएमपेगला दिला आणि वेग सांगितला नाही, तर ते साधन सेकंदाला पंचवीस फ्रेम असे गृहीत धरून कामास लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. बाळबोधीत उतरविणारा तो आपल्या समजुतीने घालतो, आणि छापील प्रत वाचणाऱ्यास वाटते की मूळ कागदातच दीर्घ वेलांटी होती. पंचवीस हा आकडा त्या वेलांटीसारखा आहे.

परिणाम किती होतो, याचे गणित करून पाहावे. कॅमेऱ्याने वास्तविक सेकंदाला बारा फ्रेम घेतल्या आहेत असे समजू. दहा मिनिटांच्या संभाषणाच्या ७,२०० फ्रेम झाल्या. त्या पंचवीसच्या हिशेबाने वाचल्या, तर संभाषण २८८ सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांच्याही आत संपते. इतकी तफावत असेल तर माणसे तुरुतुरु चालताना दिसतात आणि चूक ध्यानात येते. परंतु खरा वेग वीस असेल व गृहीत पंचवीस असेल, तर? अर्ध्या सेकंदाचा हस्तविक्षेप ४०० सहस्रांश सेकंदांचा होतो. खिडकीपाशी बसलेली दोन माणसे ह्या वेगाने पाहिली तर डोळ्यांना काहीही वावगे वाटत नाही. प्रबंधात मात्र असे लिहिले जाते की, ह्या वक्त्यांची सिद्धता केंडन-मॅक्नीलप्रणीत नमुन्यांहून शीघ्र आहे. त्यावर मराठी दर्शक शब्दांच्या स्वरूपाविषयी एखादा सिद्धान्तही उभा राहतो. मोठी चूक स्वतःच ओरडून सांगते. लहान चूक अशी सिद्धान्ताचा वेश घेऊन येते.

ती पकडण्याचे मार्ग आहेत, आणि ते अवघड नाहीत. पहिला म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात छापलेले घड्याळ. ‘सेकंद’ ह्या आकड्याचा पालट होतो त्या फ्रेमपासून पुढच्या पालटापर्यंत फ्रेम मोजाव्या, आणि हे एकदा नव्हे तर निरनिराळ्या दहा-पंधरा ठिकाणी करावे. प्रत्येक वेळी तोच आकडा आला तर वेग स्थिर आहे. कोठे बारा, कोठे एकोणीस असे आले तर नाही. मात्र हे घड्याळ अखेर त्याच यंत्राने छापलेले असते. ते खऱ्या वेळेपेक्षा मागेपुढे असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि त्याचा आकडा एखाद-दुसऱ्या फ्रेमने उशिरा पालटतो असेही आढळते. म्हणून दुसरा मार्ग अधिक चांगला. जागेवर जाण्याची मुभा असेल तर मोबाईलवरील स्टॉपवॉच कॅमेऱ्यापुढे मिनिटभर धरावे, एकदा दिवसा व एकदा दिवे लागल्यावर. त्यानंतर जी फाईल निघेल ती नेहमीच्याच रीतीने काढून घ्यावी, म्हणजे कॅमेऱ्यापासून आपल्या टेबलापर्यंतच्या संपूर्ण मार्गाची परीक्षा होते. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना प्रिय असा तिसरा मार्गही आहे. ज्ञात उंचीवरून चेंडू सोडावा आणि ट्रॅकरमध्ये त्याचे त्वरण काढावे. ते दर वर्ग-सेकंदास ९.८ मीटरच्या आसपास यावयास हवे. काळ निम्मा धरला गेला असेल तर वेग दुप्पट दिसतो, पण त्वरण चौपट, म्हणजे ३९ च्या घरात जाते. ही कसोटी चूक वर्गाने वाढवून दाखविते, हा तिचा विशेष.

वेग अस्थिर आहे असे ठरले तर काय करावे? सर्वसाधारण सल्ला असा मिळतो की, फाईल स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावी. हा सल्ला अर्धवट आहे. गतिविश्लेषणाची बहुतेक सॉफ्टवेअरे दोन फ्रेममधील काळ सर्वत्र समान धरून चालतात, तेव्हा तो सल्ला का दिला जातो हे समजते. पण रूपांतर करणारे साधन जेथे फ्रेम कमी पडते तेथे आधीचीच फ्रेम पुन्हा ठेविते. कालमापनाच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. ईलानमध्ये क्षेपाचा आरंभ व अंत यांच्या खुणा करावयाच्या असतील, तर असे रूपांतर चालते, कारण प्रत्येक चित्र आपापल्या खऱ्या वेळी दिसते. वेगमापनात मात्र त्याने अनर्थ होतो. पुनरुक्त फ्रेममध्ये हात जागचा हलत नाही, म्हणून वेग शून्य येतो. पुढच्या फ्रेममध्ये दोन पावलांचे अंतर एकदम कापले जाते, म्हणून तो दुप्पट येतो. आलेखावर करवतीचे दाते उमटतात. असे दाते दिसले की, हा वक्त्याच्या हाताचा कंप नसून फ्रेमची पुनरुक्ती आहे, अशी शंका प्रथम घ्यावी. ही पुनरुक्ती काही वेळा रेकॉर्डरनेच आधी करून ठेविलेली असते, आणि मग फाईलवरील ‘२५’ हा आकडा तांत्रिकदृष्ट्या खरा असूनही फसवा ठरतो. लेखकाच्या मते निर्दोष रीत अशी : एफएफप्रोबकडून प्रत्येक फ्रेमच्या वेळेचा तक्ता काढून घ्यावा, सॉफ्टवेअरकडून केवळ फ्रेमचा अनुक्रमांक व हाताचे स्थान घ्यावे, मग दोहोंची जोड एका कोष्टकात घालून वेग स्वतः काढावा. ट्रॅकरमध्ये फ्रेमचे कालावधी तपासून पाहण्याची सोय आहे, तिचाही उपयोग करावा. अर्थात तक्त्यातील वेळ ही चित्र टिपल्याची असेल किंवा ते रेकॉर्डरपाशी पोचल्याची असेल, आणि म्हणून स्टॉपवॉचची परीक्षा त्या तक्त्यालाही लावावी लागते.

आकाराचा दोष वेळेच्या मानाने साधा आहे, तरी कोनमापन करणाऱ्यांनी तो विसरू नये. १०८०-एन ह्या नावाने चालणाऱ्या नोंदीत चित्र उभ्या दिशेने १०८० बिंदूंचे असते, पण आडव्या दिशेने १९२० ऐवजी ९६० च असतात. प्लेअर ते ताणून दाखवितो, विश्लेषणाचे सॉफ्टवेअर तसे करीलच असे नाही. न ताणलेल्या चित्रात आडवी अंतरे निम्मी होतात, आणि ४५ अंशांनी उचललेला हात ६३ अंशांचा भरतो. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांच्या चित्रांत हलत्या हाताच्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. तेथे एका फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने विलग असे दोन क्षण विणलेले असतात. ते उसवून घेतले तर कालमापन उलट अधिक सूक्ष्म होते, हा त्या जुन्या यंत्रणेचा एक अनपेक्षित लाभ म्हणावयाचा.

कोणत्याही उपायाने परत न येणारेही काही असते. रात्रीच्या चित्रातील खरखर काढून टाकण्यासाठी कॅमेरा लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढतो, आणि त्या सरासरीत बोटांची लहान हालचाल विरून जाते. संकेतनही सूक्ष्म बदलास ‘बदल नाही’ असे नोंदवून मोकळे होते. अशा चित्रावर शरीराचे सांधे आपोआप शोधणारी ओपनपोझसारखी साधने चालविली, तर ती मनगट दाखवितात खरी, पण त्यांतील किती दिसले व किती अनुमानिले हे आकड्यांच्या रांगेत लपते. बोटांच्या अभ्यासासाठी, आणि विशेषतः भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासासाठी, अशी सामग्री वापरू नये, असे स्पष्ट मत नोंदविणे भाग आहे. तसेच जी चित्रफीत व्हॉट्सॲपवरून चित्रफीत म्हणून आली आहे तीही मापनासाठी बाद समजावी, कारण वाटेत तिचे पुन्हा संक्षेपण झालेले असते. तीच फाईल दस्तऐवज म्हणून पाठविली तर तसे होत नाही. पडद्यावर चाललेल्या चित्राचे मोबाईलने केलेले चित्रण तर मूळ साधन या नावासच पात्र नाही.

ध्वनीविषयी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण क्षेप कोणत्या अक्षराबरोबर आला हे ठरविताना आपण अर्धे प्रमाण ध्वनीतूनच घेतो. जी-७११ मध्ये ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. अर्थात ४,००० हर्ट्‌झच्या वरचे काहीही त्यात राहात नाही. ‘स’ ची बरीचशी शक्ती त्याहून वरच्या पट्ट्यात असते. ‘चार’ मधील तालव्य आणि ‘चाक’ मधील दंततालव्य यांचा भेद प्राटमध्ये पाहू गेल्यास तो पुसट झालेला आढळतो. स्वरांच्या सीमा मात्र ह्या ध्वनीतही बऱ्यापैकी लागतात, म्हणून अक्षराचा काळ स्वराच्या आरंभापासून धरावा, घर्षकाच्या आरंभापासून धरू नये. चित्र आणि ध्वनी एकमेकांच्या मागेपुढे असणे ही तर नेहमीचीच गोष्ट. त्यासाठी स्टॉपवॉचच्या परीक्षेतच कॅमेऱ्यापुढे चारपाच टाळ्या वाजवून घ्याव्या, नोंदीच्या आरंभी व अखेरीस. दोन्ही ठिकाणी तफावत सारखीच असेल तर ती एकदा वजा करून भागते. ती वाढत गेलेली असेल तर दोहोंची घड्याळे निरनिराळ्या गतीने चालली आहेत, आणि मग प्रत्येक मापनाला त्या त्या जागेची दुरुस्ती लावावी लागते.

हे सर्व केल्यावरही एक मर्यादा राहतेच. सेकंदाला बारा फ्रेम असतील तर दोन चित्रांमध्ये ८३ सहस्रांश सेकंदांची पोकळी असते. पंचवीस असतील तर ४० ची. क्षेपाचा आरंभ त्या पोकळीत कोठे झाला हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून बारा फ्रेमच्या सामग्रीवरून ‘क्षेप शब्दाच्या ३० सहस्रांश सेकंद आधी आला’ असे विधान कोणी केले, तर परीक्षकाने ते तेथेच थांबवावे. सॉफ्टवेअर दशांशचिन्हापुढे तीन आकडे दाखविते, त्याला त्या पोकळीची कल्पना नसते. प्रबंधाच्या परिशिष्टात फ्रेमचा प्रत्यक्ष मोजलेला वेग, तो कोणत्या रीतीने मोजला ती रीत, आणि मूळ फाईलपासून कामाच्या प्रतीपर्यंत केलेले प्रत्येक लिप्यंतर व भाषांतर यांची नोंद असावी. मूळ फाईल हातात पडताच तिचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून टिपून ठेवावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात असा हॅश नोंदविणे आवश्यक झाले आहे. विद्यार्थ्याला न्यायालयात जावयाचे नसले, तरी आपण मोजलेली फाईल आणि आपल्याला मिळालेली फाईल एकच आहे, एवढे तोंडी परीक्षेत दाखविता यावे. मूळ फाईल वेगळ्या डिस्कवर, तिच्या निर्मात्याच्या प्लेअरसह आणि मूळ नावासह ठेवावी. नाव कितीही विचित्र असले तरी ते बदलू नये, कारण त्या लांबलचक आकड्यांत बहुधा कॅमेऱ्याचा क्रमांक आणि नोंदीच्या आरंभाची वेळ असते.